परक्या गडाच्या दारात फोडलेला नारळ

नथू,

उद्या तुझा तेरावा. आज सकाळपासून मी मागच्या दाराची पायरी उकरतो आहे. पहार हातात घेतली तेव्हा घरचं माणूस म्हणालं, "आता कशाला? मागणारा गेला की." तिच्याकडे न बघता मी पहार दगडाखाली घातली. तू असतास तर पडवीत बसून, अर्धी विडी कानावर खोचून मला शिकवायला लागला असतास, की पहार अशी नाही धरत जन्या, तशी धर. मी तशी धरली. तरी दगड हलेना. घाम पुसायला बसलो तो हा कागदच पुढे ओढला.

लोक तुझ्याबद्दल बरंच बोलतात हल्ली. जिवंतपणी तुला 'किल्लेदार' म्हणून हसणारेच तुला खांदा द्यायला पुढे होते. आपलं रेवदंडा म्हणजे तटाच्या पोटात वसलेलं गाव. तट पडका, आणि पडलेला दगड ज्याला सापडेल त्याचा. कुणाच्या जोत्याला, कुणाच्या विहिरीला, कुणाच्या गोठ्याला तटाचेच दगड. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. तोफेला म्हशी बांधणारी माणसं आपण. आणि त्या गावात तू एकटा, होडी किनाऱ्याला लागली की चुन्याचं घमेलं घेऊन निघायचास आणि ढासळलेला चिरा परत तटात बसवायचास. लोकांनी हसू नये तर काय करावं? मीही हसलो. सगळ्यांत जास्त मीच हसलो असेन, कारण हे खूळ तुझ्या डोक्यात कुठे शिरलं ते मला एकट्याला माहीत होतं.

ते गाव आठवतं? आठवतं म्हणून काय विचारतो, तू मरेपर्यंत दुसरं बोललास तरी काय! नॉर्वे देशातलं फ्रेडरिकस्टाड. ते नाव तुला एकदाही नीट म्हणता आलं नाही. तू त्याला 'फळ्यांचं गाव' म्हणायचास, आणि ते तसंच होतं. नदीच्या दोन्ही काठांना कापलेल्या लाकडाच्या थप्प्या, घरांपेक्षा उंच. महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती. आपण दोघं एकाच आगबोटीवर होतो, तू खलाशी आणि मी खलाशांचा स्वयंपाकी. बोट फळ्या भरायला तिथं लागली होती.

त्या खेपेला आईनं मला जाऊ नको म्हटलं होतं. "ही येक खेप ऱ्हाऊ दे, जना. माझं आंग बरं न्हाय," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, नथू चालला आहे, मी मागे राहिलो तर पुन्हा एका बोटीवर जागा मिळायची नाही. निघताना तिनं आपल्या वाडीतला एक असोला नारळ, सोडणासकट, फडक्यात बांधून दिला. नारळी पुनवेला जिथं असशील तिथं दर्याला दे, माझ्या नावानं दे, म्हणाली. तो नारळ मी तांदळाच्या पोत्यामागे ठेवला होता. बोटीवर नारळाची चव जिभेवर यायला सगळे आसुसलेले, पण त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

फळ्या भरणं दोन दिवस थांबलं आणि खलाशांचा मुकादम, आपला सारंग, त्यानं आपल्याला एका दिवसाची मोकळीक दिली. सकाळी पेज वाढली तेव्हा तू नेहमीसारखी तिथी सांगितलीस. तुझं ते रोजचंच होतं. भरती-ओहोटीसाठी लहानपणापासून तिथी तुझ्या बोटांवर, आणि विलायतेच्या पाण्यातसुद्धा तू ती सोडली नाहीस. "आज आखाडाची बीज," म्हणालास. मी ऐकलं आणि पेज ढवळत राहिलो.

पलीकडच्या काठावर जुनं गाव आहे, तटबंदीचं आहे, असं कुणीसं सांगितलं. नदीपार नेणाऱ्या होडीतून, तरीतून, गेलो. आपल्या साळावच्या तरीसारखीच ती तर, फक्त माणसं न भांडता बसली होती. उतरून वर गेलो तर तट कुठे दिसेना. समोर हिरव्या गवताचा उंच बांध, बांधाला कोन काढलेले, आणि बांधाबाहेर खंदकाचं निवांत पाणी. तू कमरेवर हात ठेवून म्हणालास, "ह्यो कसला गड? ह्यो तर खारबांध." आणि खरंच, आपल्याकडे खाजणात भाताला खारं पाणी लागू नये म्हणून घालतात तसा बांध. तू तर पाणी सोडायची उघाडी कुठे आहे ते शोधायला खंदकाच्या कडेनं चालत सुटलास. मला मागून ओढून आणावं लागलं.

मग साखळ्यांचा पूल लागला, आणि पुलापलीकडे दगडी दरवाजा. दरवाजावर कोरलेला मुकुट, खाली काही अक्षरं. तू थांबलास. बूट काढलेस. मी म्हटलं, काय करतोस? तू कोटाच्या आतून फडकं काढलंस. फडकं माझ्या आईचं होतं. नारळ तू आदल्या दिवशीच सोलून ठेवला होतास, शेंडी राखून.

"दुसऱ्याच्या गडात रिकाम्या हातानं शिरायचं न्हाय, जन्या," तू म्हणालास. "हितं पन कोन तरी राखनदार असंलच."

मी हात धरायच्या आत तू नारळ दरवाजाच्या दगडावर आपटलास.

आवाज केवढा झाला. आतून एक शिपाई बंदूक सावरत धावत आला. त्यानं ओला दगड पाहिला, फुटलेल्या करवंट्या पाहिल्या, तुझे अनवाणी पाय पाहिले. काय समजला देव जाणे. वाकून त्यानं दगडावरचं पाणी बोटाला लावलं आणि चाखलं. दारू असेल असं त्याला वाटलं असणार. चाखल्यावर त्याचा चेहरा असा काही गोंधळला, की इतका संतापलेला असून मला हसू फुटलं. तू अदबीनं करवंटीतला तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवलास. गणपतीच्या देवळात ठेवतोस तसा, खाली दुसरा हात लावून. त्यानं तो खाल्ला. मग बंदूक खांद्याला लावून आपल्याला आत जायला वाट दिली.

दरवाजाला लागूनच एक पिवळं बुटकं घर होतं. त्यातून एक म्हातारी झाडू घेऊन बाहेर आली. मला वाटलं, आता मार बसतो. पण ती करवंट्या झाडायला आली होती. तू तिला झाडू लावू दिला नाहीस. एकेक तुकडा वेचलास, आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा दोन्ही हातांनी तिला दिलास. तिनं तो आधी हुंगला, मग पुढच्या दातांनी कुरतडला. मग आपल्याला घरात बोलावलं. कडू काळी कॉफी, आणि लोणी लावलेली मऊ पोळी, आपल्या घावनासारखी. भिंतीवर खलाशाची टोपी घातलेल्या एका तरण्या माणसाची तसबीर होती. म्हातारीनं तिकडे बोट केलं, खिडकीबाहेर पाण्याकडे बोट केलं, आणि हात रिकामा उलटा करून दाखवला. तू उठलास. खोबऱ्याचा एक तुकडा तसबिरीखाली ठेवलास आणि हात जोडलेस. म्हातारीनं पदरासारखं काही नव्हतं म्हणून झाडूच्याच हातानं डोळे पुसले.

हे सगळं मी पाहिलं, नथू. आणि माझ्या मनात एकच होतं, हा नारळ दर्याचा होता, माझ्या आईच्या नावाचा होता, आणि तू तो मला न विचारता फोडलास.

तू मात्र खुशीत होतास. त्या गावच्या गोट्यांच्या रस्त्यांवरून तू दुपारभर मला फिरवलंस. रांगेनं घरं, खिडकीत फुलांच्या कुंड्या, तोफांना काळं चकचकीत तेल. माणसं तटाच्या आत राहत होती, आपल्यासारखीच, पण तट त्यांनी खाल्ला नव्हता. एका जागी बांधाखालच्या भिंतीचा एक दगड निसटला होता. एक म्हातारा गवंडी तो परत बसवत होता. एक दगड. त्यासाठी चुना कालवलेला, ओळंबा लावलेला, आणि तो त्या दगडाशी असा बोलत होता, की जणू रुसलेल्या नातवाची समजूत घालतोय. तू त्याच्यासमोर उकिडवा बसलास तो उठेचना. शेवटी त्यानंच तुला खुणेनं बोलावलं आणि दगडाचं दुसरं टोक धरायला दिलं. तो दगड तुझ्या हातानं बसला. त्या परदेशी गडात एक दगड रेवदंड्याच्या कोळ्याच्या हातचा आहे. आज मला त्याचा अभिमान वाटतो. त्या दिवशी मी लांब उभा राहून तरीची वाट बघत होतो.

बोटीवर मी तुला चार दिवस शेवटी वाढलं, आणि करपलेलं वाढलं.

नारळी पुनवेला आपण लंडनच्या गोदीत होतो. नारळ नव्हता म्हणून मी मूठभर तांदूळ त्या काळ्या पाण्यात टाकले. तू शेजारी उभा होतास, मान खाली घालून. आणि त्याच आठवड्यात घरचं पत्र आलं. आई गेली होती.

तेव्हा मी तुला जे बोललो ते इथं पुन्हा लिहायला हात धजत नाही, पण लिहितो, कारण न लिहिता सुटका नाही. मी म्हणालो, "दर्याचा नारळ तू खाल्लास. माझी आई तू घालवलीस." सगळ्या खलाशांसमोर म्हणालो. त्या रात्रीपासून बोट मुंबईला लागेपर्यंत माझी भांडी तू घासलीस. मी घासू दिली.

आता जे सांगतो ते कुणालाच सांगितलेलं नाही. दोन दिवसांनी मी ते पत्र पुन्हा वाचलं. धाकट्या भावानं तिथी लिहिली होती, ज्येष्ठ वद्य पंचमी. आणि तू नारळ फोडलास तो दिवस आषाढाची बीज. पेज वाढताना तूच सांगितलेली. म्हणजे तू नारळ फोडलास तेव्हा आई जाऊन बारा दिवस झाले होते. तुझ्या नारळाचा आणि तिच्या जाण्याचा काडीचा संबंध नव्हता. मला ते कळलं. पत्र घडी घालून पेटीत ठेवलं आणि तुझ्याकडे गेलो नाही. तुला वाचता येत नव्हतं. पत्र पेटीत होतं तोवर मला कुणाची भीती नव्हती.

का नाही सांगितलं? अकरा वर्षं हा प्रश्न मी पुढे ढकलत आलो. आईनं राहा म्हटलं होतं, आणि मी राहिलो नव्हतो. दोष कुणाचा ते मला पक्कं ठाऊक होतं. तुझ्या डोक्यावर घातला तेव्हा जरा हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्यावर तो परत उचलून आपल्या डोक्यावर घ्यायची हिंमत झाली नाही. एवढंच. याहून चांगलं कारण माझ्यापाशी नाही.

गावी आल्यावर तू दर्यावरची नोकरी सोडलीस, होडी घेतलीस, आणि चुन्याचं घमेलं धरलंस. मी घर बांधायला काढलं. खाडीकडच्या दरवाजाच्या कमानीतला एक चांगला घडीव चिरा सुटून पडला होता, तो मी गाडीत घालून आणला आणि मागच्या दाराला पायरी केली. तू पाहिलंस. तिथूनच आपला तो कधी न संपलेला वाद सुरू झाला.

"जन्या, ती पायरी परत दे. कमान लुळी पडल्ये."

"एवढ्या तटाला माझ्या एका पायरीनं काय होणार?"

"त्या म्हाताऱ्या गवंड्याला सांगशील असं?"

आणि मग मी नेहमी तेच करायचो. "आधी नारळाचं बोल," म्हणायचो. तू पायरीचा विषय सोडायचास. दर खेपेला हे अस्त्र चालायचं. तू कधी रागावून उठून गेला नाहीस. चहा संपवायचास, बशी उपडी ठेवायचास, "बरं हाय, येतो," म्हणायचास. आणि दर नारळी पुनवेला सकाळी माझ्या दारात एक असोला नारळ ठेवलेला असायचा. कुणी ठेवला हे मी कधी विचारलं नाही. तो मी दर्याला द्यायचो, आईच्या नावानं. कमानीतलं ते भोक तू दुसऱ्या दगडानं कधी भरलं नाहीस. बाकी सगळी कमान नीट केलीस आणि तेवढी जागा मोकळी ठेवलीस. येता-जाता मला ती दिसावी म्हणून ठेवलीस असं मला वाटायचं, आणि मी चिडून दुसऱ्या वाटेनं जायचो.

आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तू आला होतास. जेवलास. भटजींनी संकल्पात तिथी म्हटली तेव्हा तू अंगणात बसला होतास, आणि मग कितीतरी वेळ अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत राहिलास. मी समजलो, भरती केव्हाची ते बघतो आहे. पानाचा विडा द्यायला आलो तर तू माझ्याकडे असा पाहिलास, की मला वाटलं, काही मागणार. तू विडा घेतलास आणि उठलास.

पंधरा दिवसांपूर्वी तुला ताप आला तेव्हा मी दोनदा दारापर्यंत येऊन गेलो. आत यायचं आणि सांगून टाकायचं असं ठरवून आलो होतो. पहिल्यांदा तुला झोप लागली होती. दुसऱ्यांदा तू जागा होतास आणि माझ्याकडे बघून हसलास. "पायरी आनलीस?" म्हणालास. मी म्हटलं, तू आधी बरा हो. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

परवा तुझा दहावा झाला. सगळे गेल्यावर मी तुझ्या घरी मागे थांबलो. हिरूवहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. तुला नाही सांगता आलं ते निदान त्यांना सांगावं म्हणून मी सगळं सांगितलं. पत्र, तिथी, पेटी, सगळं. खाली मान घालून सांगितलं. वहिनींनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "भावजी, त्याना ठावं व्हतं."

"काय ठावं होतं?"

"तुमच्या आयचं पैलं सराध झालं ना, त्या दिवशी घरी आले नि मला म्हनाले, म्हातारी बीजेच्या बारा दिस आदी गेली. बीजेला तिचा तेरावा पडत व्हता. आमाला म्हाईत न्हवतं, पन तिचा तेरावा आमी दोगांनी त्या परमुलखात केला. तिच्याच हातचा नारळ, तिच्या नावानं परक्या मानसाच्या मुखात पडला. बरं झालं, म्हनाले."

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला बोलला का नाही?

"मी पन तेच इचारलं. तर म्हनाले, जन्याला कोनावर तरी रागवाय पायजे. दुसऱ्यावर रागावला तर तो मानूस सोडून जाईल. मी कुठं जातोय?"

नथू, हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. अकरा वर्षं मी तुझ्यापासून लपवलं असं समजत होतो, आणि तू ते माझ्यापासून लपवत होतास, की तुला माहीत आहे. माझी लाज राखण्यासाठी तू माझा राग घेतलास. चहाबरोबर घेतलास, बशी उपडी घातलीस आणि पुन्हा आलास. एवढा मोठा माणूस माझ्या पडवीत बसत होता आणि मी त्याला दर खेपेला नारळावरून टोचत होतो.

तू आईचा तेरावा केलास. तिच्यासाठी पिवळ्या घरातली म्हातारी जेवली, बंदुकीवाला शिपाई जेवला. दर्यात गेलेल्या त्या तरण्या खलाशालाही वाटा मिळाला. गावात असतो तर मी यापेक्षा काय वेगळं केलं असतं? आणि मी तिथंच उभा होतो, तोंड फुगवून.

लिहिता लिहिता मध्येच उठून पुन्हा पहार लावली, आणि पायरी निघाली. खाली ओली माती आणि दोन गोमी निघाल्या, बाकी काही नाही. दगड उलटा केला तर मागच्या बाजूला जुना चुना अजून चिकटलेला आहे. उद्या गाडी सांगितली आहे. चुना मी आज भिजत घातला. तुझ्यासारखा मिळून येणार नाही, ओळंबा कदाचित चुकेल, गावातले हसतील आणि नवा किल्लेदार आला म्हणतील. म्हणू देत. दगडाचं दुसरं टोक धरायला वहिनी येते म्हणाल्या.

वाडीतला एक नारळ सोलून ठेवला आहे, शेंडी राखून. माझ्या आईच्या झाडाचा आहे, तुला चालेल. आपल्या दरवाजाच्या दगडावर फोडीन आणि जो कोणी त्या वाटेनं येईल त्याच्या तळहातावर खोबरं ठेवीन, खाली दुसरा हात लावून.

उद्या सकाळी खाडीकडच्या दरवाजाशी येतो, नथू. रिकाम्या हातानं येत नाही.

तुझा,
जन्या